मेणबत्ती वाकेपर्यंत

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या दापोलीत पहिला प्रश्न येतो, "चादर आणलीस का?" आणि दुसरा, "एप्रिलात? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" चादरी दोन आणल्या. एक विकत घेतली आणि एक सत्काराची. सत्काराच्या चादरीवर माझा काडीचा हक्क नाही, ते पुढे कळेलच. डोक्याचं म्हणाल तर ते तिथे एक दिवस ठिकाणावर नव्हतं खरं, आणि त्यापायी माझ्या हातून जो घोळ झाला तो कबूल करायचा म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. मंगल माझी बी.एड.ची मैत्रीण, कोल्हापूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. ती अजून सोलापुरात शिकवते. मार्चअखेर तिचा फोन आला, "आमची आठवीची पोरं नगरसेविकेशी बोलणारेत. हवामानबदलावर. ये बघायला."

मी म्हटलं, "हवामानावर नगरसेविका काय बोलणार? पाऊस पाडणार आहे का ती?"

"तेच बघायला ये की," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मंगलचं आमंत्रण हे असं असतं. नाही म्हणायला जागाच ठेवत नाही.

सोमवार, जुळे सोलापूर

प्रवासाचं काही सांगत नाही. कुर्डुवाडीला खिडकीतून हात बाहेर काढला आणि चटका बसल्यासारखा आत घेतला, एवढंच लक्षात आहे.

मंगलचा फ्लॅट जुळे सोलापुरात चौथ्या मजल्यावर. दारात चप्पल काढली, आधी तोंड धुवावं म्हणून नळ सोडला आणि किंचाळलेच. पाणी उकळतं! मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "गच्चीवरची टाकी हाय बाई. दुपारी आमच्याकडं गीझर फुकट असतो. थंड पाहिजे तर माठाजवळ जा." आमच्याकडे एप्रिलात घामानं जीव नकोसा होतो, पण संध्याकाळी खाडीवरून वारा येतो आणि माणूस माणसात येतो. इथे संध्याकाळी भिंती तापलेल्या आणि वारा तव्यावरून आल्यासारखा. मी पंख्याखाली बसून राहिले, तर पंखाही गरमच हवा देत होता.

जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, भरलं वांगं. आम्ही तांदळाच्या मऊ भाकरीची माणसं. मी तो पापडासारखा तुकडा उचलला आणि प्रामाणिकपणे विचारलं, "मंगल, ही शिळी आहे का गं?" तिचा नवरा ताट सोडून हसायला लागला. मग त्यानंच दाखवलं, भाकरी मोडायची, दह्यात टाकायची, वर चटणी आणि तेलाची धार. काय सांगू! मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस टिकते म्हणे ही. उन्हाशी वैर न धरता त्यालाच कामाला लावायचं, ही या लोकांची रीत मला पहिल्याच जेवणात कळली.

मंगळवार, निंबाखाली

शाळेचं नाव मी सांगणार नाही. मुख्याध्यापक माने सर देवमाणूस आहेत आणि पुढे जे झालं ते त्यांच्या चांगुलपणामुळेच झालं. शहराच्या पूर्वेकडे, जिथे गल्लीगल्लीत यंत्रमागाची खडखड ऐकू येते, तिथे ही शाळा. खोल्या कमी म्हणून दोन पाळ्या. मोठी मुलं सकाळी, लहान दुपारी. चौथीचा वर्ग पत्र्याच्या खोलीत आणि त्या खोलीला लागून, रस्त्याच्या कडेला, पाच निंब, म्हणजे आमचे कडुनिंब.

दुपारचा एक वाजला की चौथीच्या बाई वर्गाला घेऊन निंबाखाली जातात. आत बसवतच नाही. मी पाहिलं तेव्हा पाढे चालू होते, आणि पाचही बुंध्यांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या.

"या कसल्या?" मी विचारलं.

"तोडायच्या खुणा," माझ्या कोपराशी एक आवाज आला. "गटार जाणारे हितनं."

ही अंबिका. आठवीतली, सडपातळ, दोन घट्ट वेण्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हींत जीभ सारखीच तिखट. वडील मागावर कामाला. धाकटी बहीण राधिका त्याच चौथीत. यंदाच्या मार्चातच राधिका पत्र्याच्या खोलीत चक्कर येऊन पडली होती, तेव्हापासून चौथीला निंबाखाली बसवायला लागले. अंबिकानं हे सगळं मला एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "झाडं गेली तर राधिकानं बसायचं कुटं? एवढंच विचारायचंय ताईंना. दुसरं काय न्हाय."

ताई म्हणजे नगरसेविका सुरेखाताई. त्या बुधवारी दुपारी दोनला यायच्या होत्या. हॉलमध्ये नको, पत्र्याच्या खोलीतच बसायचं, ही मुलांची अट, आणि ताईंनी ती मान्य केली होती.

मग अंबिकानं मला तिचं शास्त्र दाखवलं. लाइट गेल्यावर लावतो तसल्या साध्या दोन पांढऱ्या मेणबत्त्या. बारा वाजता एक खोलीत बाकावर उभी करायची, एक निंबाखाली दगडावर. पेटवायची नाही. दोन वाजता जाऊन बघायचं. निंबाखालची ताठ उभी असते आणि खोलीतली कमरेत वाकलेली. रोज ती वाकलेली मेणबत्ती वहीत काढून ठेवायची. पानंच्या पानं भरली होती, जणू म्हाताऱ्यांची रांग.

मी पडले भूगोलाची. विचारलं, "अगं, थर्मामीटर नाही का शाळेत?"

"हाय की. पण आकडा दाखवला तर मोठी माणसं म्हणत्यात, सोलापूरला ऊन असायचंच. मेणबत्ती दाखवली की गप बसत्यात."

नोकरीभर मी मुलांकडून 'पर्यावरण वाचवा'चे तक्ते करून घेतले. रंगीत पृथ्वी, तिला डोळे, डोळ्यांत अश्रू. पाच जूनला भिंतीवर लावायचे आणि सहा जूनला काढायचे. कुणाकडे काय मागायचं, हे एकाही मुलाला कधी शिकवलं नाही. लाज वाटली हो, खरंच सांगते.

इथे आठवीच्या वर्गाच्या भिंतीवर एकच तक्ता होता: 'कुणाच्या हातात काय?' नगरसेवकाच्या हातात काय, आमदाराच्या काय, खासदाराच्या काय, आणि आपल्या काय. मंगलचा नियम असा की, ज्याच्या हातात जे नाही ते त्याला विचारायचं नाही. "जगाचं तापमान सुरेखाताईला विचारून काय उपयोग?" ती म्हणाली. "ती म्हणंल मी काय करू, आणि खरंच की, ती काय करणार? गटार मात्र तिच्या हातात हाय. तिथं ती निसटू शकत न्हाई."

त्यानंतर, सकाळची शाळा सुटूनही थांबलेल्या आठवीची तालीम झाली. इरफान नावाच्या मुलानं गळ्यात टॉवेल टाकला, खुर्चीत पाय पसरून बसला आणि नगरसेवक झाला. काय बेमालूम! मान हलवायची ती ढब, बोलता बोलता मोबाइल बघणं, सगळं.

"झाडांचा प्रश्न रास्त आहे. बघू. वरून मंजुरी आली की करू."

"वरून म्हंजे कुटून?" अंबिकानं विचारलं.

"वरून म्हंजे... वरूनच की!"

"नाव सांगा. आमी तिकडं जातो."

इरफानची ततपप झाली आणि वर्ग खिदळला. आमच्याकडे मुलांनी मोठ्यांना असं विचारलं असतं तर आगाऊ म्हणून कान पिळला असता. मीच पिळला असता.

हे सगळं त्या पत्र्याच्या खोलीत चाललेलं आणि मी घामानं निथळत होते. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी बाहेर आले, निंबाच्या पारावर बसले आणि तीनदा म्हणाले, "मेले गं बाई!" माने सर धावत आले, ताक आणलं, ओला नॅपकिन आणला. काळजीनं विचारलं, "मॅडम, उद्या सोसेल ना?" मी म्हटलं, "कठीण आहे हो सर. एखादा कूलर तरी हवा होता."

बोलले, ताक प्यायले आणि विसरून गेले.

बुधवार, दुपारी दोन

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही शाळेत पोचलो. खोलीत पाय ठेवला आणि मला काय बरं वाटलं! गारवा. एका कोपऱ्यात भलामोठा कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास सुटला होता, आणि पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली होती, त्यांचं पाणी पागोळ्यांसारखं दारात ठिबकत होतं. माने सर हात चोळत उभे. "तुम्ही म्हणालात ना मॅडम. मंडपवाल्याकडून आणवला. ताईंनाही त्रास नको. पाहुण्यांना उन्हात कसं बसवायचं?"

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं. अंबिकानं बाराला ठेवलेली मेणबत्ती शिपायासारखी ताठ उभी होती.

पोरगी दारात उभी. घरी जेवायला गेली तेवढ्यात हे झालेलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडली नाही ती. ओठ मात्र पांढरे पडले होते. मंगल माझ्या कानाशी म्हणाली, "तुझ्या नाजूकपणानं घात केला बघ." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असंही म्हणायची सोय नव्हती, कारण मी गणपतीसुद्धा करायला गेले नव्हते. मला फक्त गरम होत होतं.

तेवढ्यात सुरेखाताई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पदर खोचलेला, चालणं झपाझप. सरांनी ताईंना चादर पांघरली, मला पांघरली. त्या चादरीखाली मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. ताई खुर्चीत बसल्या, वर बघितलं, आणि म्हणाल्या, "छान गार हाय की वर्ग! मला तर सांगितलेलं लई तापतो म्हणून."

झालं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी उठून सगळं सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते, पण तेवढ्यात अंबिका उभी राहिली.

"ताई, हा कूलर तुमच्यासाठी आणलाय. गोणपाट बी तुमच्यासाठी. तुमी गेला की ते बी जाणार. तुमी रोजच्या वर्गात बसायला आलाय का पाहुण्यांच्या?"

माने सरांचा चेहरा उतरला. "अंबिका!" ते ओरडले. ताईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि पोरीकडे नीट बघितलं.

"मग काय करू म्हणतीस?"

"कूलर बंद करा. आणि ही मेणबत्ती वाकेपर्यंत बसा. तवर बोलू की."

ताई मोठ्यानं हसल्या. "बंद करा रे कूलर! ती गोणपाटं पण ओढा खाली!" शिवाप्पामामा शिपाई जणू याचीच वाट बघत होते. बांबूनं धडाधड गोणपाटं खाली आली. कूलरची घरघर थांबली आणि बाहेरची मागांची खडखड एकदम आत आली. मी माझी चादर हळूच काढून मांडीखाली सारली.

मग जे झालं ते मी कुठल्याच सभेत पाहिलेलं नाही. भाषण नाही, टाळ्या नाहीत. नुसतं बोलणं.

ताईच आधी बोलल्या. "हे बघा पोरांनो, गटार पाहिजे म्हणून तुमच्याच आया माझ्या दारात येऊन बसल्या होत्या. पावसाळ्यात घरात घाण पाणी येतं. आता तुमी म्हणता झाडं तोडू नका. मी कुणाचं ऐकू?"

"माझी आई बी होती त्यात," अंबिका म्हणाली. "आमच्या बी घरात पाणी येतं. गटार पाहिजेच. पण ते निंबाखालनंच गेलं पाहिजे असं हाय का?"

"इंजिनिअर साहेबांनी तसं आखलंय."

"आखलेलं बदलतं का?" हा इरफान. आज गळ्यात टॉवेल नव्हता.

ताईंनी घाम पुसला. "बदलतं. पण मग समोरच्या बाजूनं न्यावं लागंल. तिकडं घरांचे ओटे हायेत रस्त्यात आलेले. ते काढायला लावले की लोक मला शिव्या देतील. ऊन वाढलंय हे मला कळत न्हाई का? माझं अर्धं आयुष्य पत्र्याखाली गेलंय. पण ओटा काढ म्हणून सांगायला मलाच जावं लागतं, तुमाला न्हाई."

"आमी गेलो होतो," अंबिका म्हणाली.

"कुटं?"

"चारी घरी. मेणबत्ती घेऊन. तीन घरं हो म्हणाली. चौथे काका न्हाय म्हणाले, अंगावर आले. हो म्हणाले त्यातला पहिला ओटा आमचा हाय. आई तितं बसून रीळ भरती. पप्पांना विचारलं. म्हणाले, राधिका परत पडण्यापेक्षा ओटा गेलेला बरा."

एवढ्या वर्षांत मी कधी कुठल्या पोराला विचारलं होतं का, की तू मागतोस त्याबदली तुझं काय देशील?

दारात ताईंचा माणूस घड्याळ दाखवत होता. "ताई, तीनचं उद्घाटन हाय."

"थांबू दे त्यांना," ताई म्हणाल्या. त्यांचा ब्लाउज पाठीवर भिजून चिकटला होता. चेहरा लाल झाला होता, पण त्या हलल्या नाहीत. कोणत्या घराचा ओटा किती पुढे आलाय, पाण्याचा उतार कुठे आहे, इंजिनिअर साहेब कोणत्या वारी भेटतात, सगळं बोलणं झालं. माहीत नाही तिथे "मला माहीत न्हाई" असं त्या सरळ म्हणाल्या. पुढाऱ्याच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या बाईबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला.

तीन वाजून गेल्यावर राधिका बाहेरून डोकावली आणि ओरडली, "अक्का, वाकली!"

सगळ्यांनी बघितलं. मेणबत्ती मधोमध झुकली होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत आणखी झुकत चालली होती.

ताई उठल्या. सरांनी सवयीनं शेरेबुक पुढे केलं. आमच्याकडे त्यात पाहुणे 'उपक्रम स्तुत्य आहे' लिहितात आणि चहा घेऊन जातात. इथे अंबिकानं पानाच्या मधोमध रेघ मारून ठेवली होती. एका बाजूला 'मी काय करणार', दुसऱ्या बाजूला 'माझ्या हातात काय नाही'. ताईंनी रेघ बघितली, पोरीकडे बघितलं आणि उभ्यानंच लिहिलं. डावीकडे: गटार समोरच्या बाजूनं न्यावं म्हणून पत्र देईन, साहेबांना घेऊन जागेवर येईन, ओट्यांवर मीच बोलीन. उजवीकडे: पत्र्याचं छत बदलणं माझ्या हातात नाही, ते आमदारांना विचारा. खाली सही.

मग त्यांनी ती वाकडी मेणबत्ती अलगद सोडवून रुमालात घेतली. "ही मी नेते. साहेबांच्या टेबलावर ठेवते."

"साहेबांकडं एसी हाय ताई," इरफान म्हणाला.

"असू दे की," अंबिका म्हणाली. "एसीत नेली म्हणून वाकलेली सरळ हुती व्हय?"

गुरुवार, आणि नंतर

निघायच्या आधी मंगलच्या नवऱ्यानं कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली. शेंगा चटणी दिली. दुकानात जाऊन मी चादर घेतली. कूलरचं मी माने सरांशी बोलले, माफी मागितली. ते बिचारे मलाच म्हणाले, "पाहुण्याला सोसत नाही म्हटल्यावर मी दुसरं काय करणार होतो, मॅडम?" पण अंबिकाला मात्र सांगायचं धाडस झालं नाही. ती शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली, वाकून पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा' एवढंच म्हणाले. एवढ्याशा पोरीपुढे माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दापोलीत आल्यावर चार महिने मी रोज त्या लाल फुल्यांची काळजी केली. इथे अंगणात एवढी झाडं, एखादं पडलं तर आम्ही सरपण मिळालं म्हणतो, आणि मी तिकडच्या पाच निंबांसाठी मंगलला फोन करून करून भंडावून सोडलं. ती दर वेळी म्हणायची, "ताई दोनदा येऊन गेल्या. साहेब एकदा. धीर धर की."

गणपतीच्या आधी एका दुपारी फोन वाजला. मंगलचा नंबर, पण आवाज अंबिकाचा.

"मॅडम, गटार झालं! समोरनं नेलं. आमचा ओटा गेला, आई आता दारात बसती." आणि लगेच पुढे, "चौथे काका काय ऐकले न्हाईत. तितनं गटार परत अलीकडं वळवलं. त्यामुळं शेवटचा निंब गेला. चार राहिले."

"चार!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण कुंपणापाशी आली.

"राधिका आता पाचवीत, पण चौथी बसती की त्यांच्याखाली. आता छताचं राहिलंय. पत्र्याचं आमदारांना विचारा म्हणून ताईंनी लिवलंय ना? आमी त्यांना बोलावलंय. पुढच्या एप्रिलात, दुपारी दोनला. तुमी पण या."

"येते गं. नक्की येते."

"या मॅडम." मागांच्या खडखडीवर आवाज चढवत तिनं पुढे जोडलं, "पण गरम झालं तर या वेळी मला सांगा. सरांना सांगू नका."